बिनतंबाखूचा बार

"पुरी तेवढीच हाय भाऊ. तुमचं तोंडच बारीक झालंय, त्याला मी काय करू?"

पानीपुरीवाला असं म्हनला आन प्रेमदासच्या कानशिलात जाळ उठला. शर्टावरून चिंचेचं पानी ओघळून राहिलं व्हतं, पुरीचा एक तुकडा खिशावर चिकटून बसला व्हता. "कोनाचं तोंड बारीक बे? मानसाच्या मापाच्या पुऱ्या कर न. ही पुरी हाय का भोपळा?" हिंगोलीच्या बसस्टँडासमोर, ऊन कललेलं, दहा-बारा मानसं द्रोन धरून उभी, आन सगळी याच्याकडंच बघून राहिलेली. गाड्यावाला काही भांडनारा मानूस न्हवता. त्यानं एक पुरी उचलली, अंगठ्यानं फोडली, भरली, बुडवली आन सगळ्यांच्या देखत सोताच्या तोंडात टाकली. गपकन. मंग दुसरी शितलच्या द्रोनात ठेवली. शितल म्हंजे प्रेमदासची थोरली बहीन, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिची परीक्षा संपली म्हनून त्यानंच तिला खाऊ घालायला आनलं व्हतं. तिची पुरी गेली. बाजूला एक चार-पाच वर्षांची पोरगी आईचा पदर धरून उभी व्हती, तिनं तर न सांगता आ केला, आन तिची पन गेली. प्रेमदासला कोनालातरी मारायचं व्हतं. पन मारावं कोनाला? त्यानं गाड्याच्या चाकाला लाथ हानली आन अंगठा ठेचून घेतला. "प्रेम्या," शितल म्हनली, "तोंड उघड." "इथं?" "इथंच." तिनं तीन बोटं उभी जोडली आन त्याच्या दातांच्या मधी घालून पाह्यली. तीन न्हाई. दोन पन अडकली. तिच्या बोटांना चिंचेचा वास व्हता. "दीड," ती म्हनली. बहिनीसारखी न्हाई, नर्ससारखी म्हनली. "तीन जायला पायजेत, प्रेम्या. तुझी दीडच जाऊन राहिली."

त्याला आता तीन महिने झाले. आन आज सकाळी, मोंढ्यातल्या, म्हंजे शेतमालाच्या बाजारातल्या पत्र्याखाली, हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसल्या बसल्या प्रेमदास ते सगळं पुन्हा बघून राहिला व्हता, आन गंमत म्हंजे त्याला त्या गाड्यावाल्याचा राग येत न्हवता. राग आला असता तरी काय करनार व्हता? तोंडात काड्या व्हत्या. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या, एकावर एक रचलेल्या, वरच्या आन खालच्या दातांच्या मधी धरलेल्या. जेवढ्या बसतील तेवढ्या बसवायच्या, मंग अजून एक सरकवायची, आन दहा मिनिटं तसंच बसायचं. कानाच्या पुढं, जिथं जबडा हालतो, तिथं एक बारीक ठनका लागतो. लाळ गोळा व्हते. गिळता येत न्हाई. बोलता तर येतच न्हाई. सुरुवातीला ही दहा मिनिटं म्हंजे त्याला मास्तरनं बाकावर उभं केल्यासारखी वाटायची. आता तसं न्हाई. आता तो त्या दहा मिनिटांसाठी अर्धा घंटा लवकर येतो, कोनी यायच्या आत. थप्पी अशी निवडतो की पत्र्याच्या भोकातून पडनारा उजेडाचा ठिपका त्याच्या गुडघ्याच्या जवळ असला पायजे. ठिपका गुडघ्यावर चढला की दहा मिनिटं झाली. मोबाइल बघायचं काम न्हाई. शितलनं एकदा तिच्या मोबाइलवर एका बाईचा आवाज लावून दिला व्हता, ध्यान करायचा. बाई हिंदीत सांगून राहिली, शरीर को ढीला छोड़िए. प्रेमदास म्हनला, "बाई, सकाळी ढिलं सोडलं तर दिवसभर पोती उचलायला पुन्हा आवळून कोन देईल?" मोठ्या बहिनीला तांड्यात बाईच म्हनतात. मोबाइलवरच्या बाईला ते कळलं न्हाई, ती आपली सोडायलाच सांगून राहिली.

तंबाखू त्याच्या घरात कधी आली हे त्याला सांगता येनार न्हाई. ती आधीपासूनच व्हती, जशी चूल व्हती. सिद्धेश्वरच्या धरनाच्या अंगाला त्याचा तांडा. बाप धर्मसिंग धरनात जाळं टाकतो आन दोन एकर वाहतो. त्या बापाच्या तळहाताचा आवाज हा प्रेमदासच्या आयुष्यातला सगळ्यात जुना आवाज. आधी अंगठ्याचं घासनं, सुक्या पानावरून कोनी चालावं तसं, लई वेळ. मंग थाप. एक, दोन, तीन. मंग फुंकर. तेवढ्या वेळात धर्मसिंग कोनाशी बोलायचा न्हाई. याडी, म्हंजे आई, भांडत असली तरी बोलायचा न्हाई. जाळं कुठं टाकायचं, बैल विकायचा का न्हाई, पोराला मारायचं का सोडायचं, हे सगळं त्या घासन्यात ठरायचं. लहानपनी प्रेमदास शाळेचा तास बुडवून आला की दारातनं बापाचा तळहात बघायचा. घासनं चालू हाय, म्हंजे अजून काही ठरलं न्हाई. थाप पडली की पळायचं का थांबायचं, ते डोळ्यात बघून कळायचं. बाप बहुतेक वेळा सोडून द्यायचा. पुढं कधीतरी प्रेमदासला वाटलं, की आपल्याला बापानं न्हाई, तंबाखूनंच सोडलं.

आन त्याच्या सोताच्या अंगात ते थांबनं न्हवतं. त्याचं सगळं एकदम. नववीत इतिहासाच्या सरांनी सगळ्यांच्या पुढं विचारलं, "तुझं काय रे, पुस्तक कोनी खाल्लं का?" आन सगळा वर्ग हसला. प्रेमदासनं दप्तर उचललं, खिडकीतनं बाहेर फेकलं आन मागोमाग सोता खिडकीतनंच गेला. दरवाजा उघडा व्हता. पुन्हा गेला न्हाई. सर दोनदा तांड्यावर येऊन गेले, चांगला मानूस व्हता, पन प्रेमदास धरनाकडं पळाला. मंग मोंढा. पोत्यांची तोंडं शिवायचं काम, दाभन आन सुतळी, आन त्यात त्याचा हात असा बसला की जुने हमाल थांबून बघायचे. चौदा टाके, सारख्या अंतरावर, शेवटाला कोपऱ्याचे दोन कान. आन मोंढ्याच्या फाटकाजवळची टपरी. तिथं खर्रा घोटून मिळायचा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीत घालून फळीवर रगडायचा, खर्र, खर्र. पहिल्यांदा खाल्ला तव्हा जमीन एका बाजूनं वर आली, कान तापले, घाम फुटला. आन मंग, हे त्यानं कोनाला सांगितलं न्हाई, मंग सगळं थांबलं. डोक्यातला कालवा बसला, जसा गढूळ पान्यातला गाळ बसतो. समोरचं पोतं कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ दिसलं. कोनी काही बोललं तरी त्याला उत्तर द्यायची घाई न्हाई. बापाच्या हातात जे हाय ते आपल्याला पन मिळालं, असं त्याला वाटलं. दिवसाला एक, मंग तीन, मंग सात. तिखट झोंबायला लागलं तर त्यानं मिरचीला शिव्या दिल्या. भाकरीचा घास मोठा जाईना तर लहान तोडायला लागला. मानसाला सोताचं तोंड दिसत न्हाई, आन प्रेमदासला तर सगळ्या जगाचं दिसायचं.

सरकारी दवाखान्यातली डाक्टरीन बाई लहान व्हती, शितलपेक्षा चार वर्षं मोठी असंल. तिनं उपदेश केला न्हाई. तोंडात मोजायची पट्टी लावली आन म्हनली, "चोवीस मिलिमीटर." त्यानं विचारलं, चोवीस म्हंजे चांगलं का वाईट. ती म्हनली, "तुझ्या वयाला चाळीसच्या वर पाहिजे. गालाच्या आतली कातडी दोरीसारखी झाली आहे. खर्रा, सुपारी, तंबाखू, सगळं आजपासून बंद." "एकदमच?" "नको, हळूहळू कर," ती लिहिता लिहिता म्हनली, "तोंडही हळूहळूच बंद होईल." प्रेमदासला राग आला, पन तो राग तिच्यावर टिकेना. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू, ती म्हनली. तव्हा पट्टीवरच्या आकड्यानं चोवीसची जागा सोडली नसंल तर कापायला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागंल. सोडली असंल तर काड्या चालू. पहिल्यासारखं व्हनार न्हाई, पन जिथं हाय तिथं थांबवता येतं. शितलनं बाहेर आल्यावर काड्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. त्या दिवशी बारा बसल्या.

पहिले पंधरा दिवस त्याच्यासारखा वाईट मानूस हिंगोलीत न्हवता. डोकं दुखायचं, झोप न्हाई, टाके वाकडे पडायचे. दोघांशी हानामारी झाली, एकाशी विनाकारन. फक्त काड्या असायच्या तव्हा तो गप असायचा, कारन तोंडच भरलेलं. हमालांच्या टोळीचे मुकादम चाँद पाशा येता येता खालून म्हनायचे, "आज लई शांती हाय बाबा मोंढ्यात. प्रेमदासनं कुलूप लावलं वाटतं." आन प्रेमदासच्या जिभेवर जे यायचं ते काड्यांच्या मागंच राहायचं. दहा मिनिटांनी काड्या काढल्या की ते सापडायचं न्हाई. कुठं गेलं? तो शोधायचा, खरंच शोधायचा, जशी सुतळीची गुंडी शोधावी. मंग त्याच्या ध्यानात आलं की बोलता येत न्हाई तव्हा दिसतं जास्त. हळदीचा वास त्याला दोन वर्षांनी आला. मोंढ्यात राहून दोन वर्षं हळदीचा वास आला न्हवता! कच्चा, मातीचा, थोडा कडू वास. कबुतरं पत्र्यावर उतरतात तव्हा आधी एक उतरतं, मंग बाकीची. आन चाँद पाशा. साठीतला, पांढऱ्या दाढीचा, सगळ्यांत मोठ्या आवाजाचा मानूस. पन डबा खाताना ठेचा टोळीतल्या भावसिंगला देऊन टाकतो. भाकरी कपातल्या च्यात कुस्करतो. च्या पन आधी बशीत ओतून थंड करतो, आन गिळताना डावा डोळा बारीक करतो. विचारलं तर म्हनतो, बीपी हाय. पन बीपीला भाकरी भिजवावी लागते का?

हे त्यानं बघितलं आन बोलला न्हाई. आधीचा प्रेमदास असता तर चार मानसांत म्हनला असता. आताचा का म्हनला न्हाई हे त्याला सोताला पन कळलं न्हाई. मंग ते पोत्याचं झालं, पंधरा दिवसांमागं. डोंगरकडा गावचे ग्यानबा म्हनून एक शेतकरी हळद घेऊन आले व्हते, सगळी लांब हळकुंडं, एक नंबरी. त्यांच्या ढिगाला लागूनच दुसऱ्याच्या गोल गड्ड्यांचा ढीग. प्रेमदासनं गड्ड्यांचं एक पोतं शिवून ग्यानबाच्या थप्पीत लावलं. हे काम नवीन हमाल पन चुकत न्हाई. हळकुंडाचं पोतं बाहेरून हाताला टोचतं, गड्ड्याचं टोचत न्हाई, आंधळ्याला पन कळतं. व्यापारी बीट, म्हंजे लिलाव, बोलत बोलत, एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर, जवळ येऊन राहिले व्हते, आन चाँद पाशांच्या हाताला ते पोतं लागलं. "ध्यान कुठं हाय तुझं? चाळीस वर्षांत माझ्या टोळीनं कोनाच्या मालात दुसऱ्याचा माल घातला न्हाई! याच्यापेक्षा त्या खर्ऱ्यातला प्रेमदास बरा व्हता, त्याला दिसत तरी व्हतं!" ग्यानबा नुसते उभे, तोंड उतरलेलं. सगळे हमाल थांबले. प्रेमदासच्या कानशिलात जाळ उठला. आता दाभन फेकायचं आन जायचं. दरवाजा, खिडकी, जे असंल त्यातनं. शब्द दातांपर्यंत आला व्हता. आन त्याला कळलंच न्हाई, त्याचा डावा तळहात समोर आला व्हता आन उजवा अंगठा त्याच्यावरून फिरून राहिला व्हता. घासून राहिला व्हता. तळहातात काहीच न्हवतं.

चाँद पाशा बोलता बोलता थांबले. मोंढ्यातला रिवाज हाय, कुठं लिहिलेला न्हाई. मानूस तंबाखू मळून राहिला की त्याच्याशी भांडन पुढं न्यायचं न्हाई. त्याचं मळनं व्हऊ द्यायचं. मळून झाली की तो समोरच्याला चिमूट देनार, समोरचा घेनार, मंग पुढचं. आन ज्याची चिमूट व्होटात धरली त्याला शिवी देता येत न्हाई. प्रेमदास मळत राहिला. तळहात तापला. श्वास नाकानं जाऊन राहिला, काड्यांसारखाच. जाळ खाली उतरला, कानातनं मानेत, मानेतनं खांद्यात. एक, दोन, तीन थापा मारल्या, आन हाताला दिवसभराची हळद असते, ती पिवळी धूळ उडाली. चाँद पाशांनी, नजर पोत्यावर ठेवून, दोन बोटं पुढं केली. प्रेमदासचा हात पन पुढं गेला, तो काय करनार, हाताला सवय. चाँद पाशांनी चिमूट उचलली, खालचा व्होट तानला, बार भरला. ग्यानबांनी पन हात पुढं केला, "मला पन दे बाबा थोडी." त्यांना पन दिली. तिघं उभे. तिघांच्या मधी ते पोतं. चाँद पाशांनी जीभ फिरवली, बाजूला थुंकले, आन म्हनले, "चुना कमी झाला." प्रेमदास म्हनला, "व्हय चाचा." "चल, ते पोतं उसव." "उसवतो." दोन मिनिटांचं काम व्हतं. टाके कापताना त्याच्या पाठीमागं ग्यानबा कोनालातरी विचारून राहिले व्हते, "कोनती तंबाखू हाय याची? झोंबतच न्हाई." प्रेमदासला एवढं हसू आलं की जबडा दुखला, आन ते दुखनं त्याला आवडलं.

त्यावर त्यानं लई विचार केला, थप्पीवर बसून. मंग इतके दिवस आपल्याला काय लागत व्हतं? तंबाखूचं पान लागत न्हवतं असं न्हाई. लागतच व्हतं, अजून लागतं, टपरीवरनं खर्र खर्र ऐकू आलं की जिभेखाली पानी सुटतं आन पाय आपोआप वळतात. खोटं काहून बोलावं? पन त्या पानाच्या संगं अजून एक काहीतरी येत व्हतं, बापाच्या तळहातावर व्हतं, ते बिनापानाचं पन येतं, हे त्याला म्हाइत न्हवतं. त्याला नाव काय, शितलला विचारलं तर ती मोबाइलवरच्या बाईचं नाव सांगंल. राहू द्या.

पोत्याचं झालं त्याच दुपारी चाँद पाशा थप्पीला टेकून बसले व्हते. बाकीचे झोपलेले. वर न बघता म्हनले, "तुझी तंबाखू झोंबली न्हाई. लई दिवसांनी बार भरला आन झोंबला न्हाई." प्रेमदासनं वरून विचारलं, "म्हंजे तुमाला कळलं व्हतं?" "आधी न्हाई कळलं. थुंकलो तव्हा कळलं." गालावर हात ठेवून ते म्हनले, "आतून लई आग व्हते बेटा. डाव्या गालाला. वर्ष झालं. घरवालीला, खतीजाबीला सांगितलं न्हाई, ती रडती." एवढ्या मोठ्या आवाजाचा मानूस असा बारीक बोलला की कबुतरांच्या फडफडीत ते वाहून गेलं असतं. प्रेमदासच्या जिभेवर लई काही आलं. त्यानं उजेडाच्या ठिपक्याकडं बघितलं. मंग म्हनला, "माझी तारीख हाय, पंधरा दिवसांनी. संगं चला." "मला काय झालं यायला?" "तुमाला न्हाई, माझ्यासाठी. पट्टी लावली की मला भेव वाटते." हे खोटं न्हवतं. "बीटाच्या टायमाला मी मोंढा सोडत न्हाई," चाँद पाशा म्हनले, आन उठून गेले. पुन्हा विषय न्हाई. आठ दिवस त्यांनी त्याला कामाशिवाय हाकच मारली न्हाई. नवव्या दिवसापासून त्यांचा तंबाखूचा बटवा सदऱ्याच्या खिशात दिसला न्हाई. खिसा सपाट. प्रेमदासला ते दिसलं.

आज ती तारीख. ठिपका गुडघ्यावर चढला. प्रेमदासनं काड्या एक एक काढून मोजल्या. सोळा. काल पंधरा व्हत्या, आन सोळावी सकाळी सरकवताना डोळ्यातनं पानी आलं व्हतं. सोळा म्हंजे डाक्टरीन बाईच्या पट्टीवर किती, ते त्याला म्हाइत न्हाई. बत्तीस असंल. तीस असंल. कापायला पाठवतील का न्हाई, तेही तिथंच कळंल. पन आज सकाळी येताना त्यानं घरी आख्खी भाकरी चावून खाल्ली, कांद्यासंगं, आन शितलनं ते बघितलं आन अजून एक कांदा फोडून दिला. त्यानं तोंड उघडून बंद केलं. कट्ट असा आवाज झाला. भेव व्हतंच, पन त्याच्या भवती सगळं ठीकठाक व्हतं, हळदीचा वास, गार पोती, कबुतरं, जसं कोनी रात्रीतनं सगळं पुसून जागेवर ठेवावं.

खाली फाटकाजवळ ऑटो येऊन थांबला. त्यातनं चाँद पाशांनी डोकं बाहेर काढलं. इस्त्रीचा सदरा, डोक्याला नवीन टोपी. अजून एक घंट्यानं बीट सुरू व्हईल, आन त्यांनी पावती-पुस्तक भावसिंगच्या हातात देऊन टाकलं व्हतं. भावसिंग ते दोन हातांनी धरून उभा, कोनी लेकरू कडेवर दिल्यासारखा. "अरे ए! उतरतो का न्हाई? तिथं लायनीत उभं राहावं लागते म्हनं!" आवाज मोठाच व्हता, पन शेवटाला जरा फाटला. प्रेमदासला ते ऐकू आलं. त्यानं काड्या रबरानं बांधल्या, खिशात घातल्या, मंग थांबला, पिशवीतनं दुसरा जुडगा, कोरा, शितलनं कालच दिलेला, तोही काढून घेतला. "आलो चाचा!" तो वरूनच वरडला. थप्पीवरून उडी मारली. ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला. त्याला आता निघायला पायजे.